मोबाइलच्या लहरी आणि आपल्या शरीरातील पेशी

‘मोबाइलचा किरणोत्सर्ग’ हा शब्दप्रयोग सांप्रत आपल्या बोलण्यात आणि वर्तमानपत्रांत चांगलाच रूढ झाला आहे. वस्तुतः मराठीत किरणोत्सर्ग हा शब्द रेडियम, युरेनियम ह्यांसारख्या मूलद्रव्यांच्या संदर्भात वापरला जाऊ लागला. साहजिकच तो कानी पडताच हिरोशिमा आणि चेर्नोबिल डोळ्यांपुढे उभी राहतात. मोबाइलमधून जे बाहेर पडते त्याला पदार्थविज्ञानाच्या पुस्तकांत ‘प्रारण’ असा साधा शब्द आहे. दिव्याचा उजेड, चुलीची धग, आकाशवाणीच्या लहरी ही सर्व प्रारणेच होत. त्यांपैकी काही जीवनदायी आहेत, काही घातक आहेत आणि पुष्कळशी प्रमाणावर अवलंबून आहेत. म्हणून मोबाइलच्या लहरी शरीरातील पेशींवर नेमका काय परिणाम करतात, ह्याचा विचार शब्दाच्या भीतीने न करता शांतपणे करणे अगत्याचे आहे.

हा विषय प्रस्तुत स्मरणिकेत घेण्याचे कारणही तसेच आहे. महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या स्थायिक झालेल्या आपल्या मराठी समाजाच्या संस्थांची मंगल कार्यालये, वसतिगृहे व वाचनालये बहुधा शहरांच्या मध्यवस्तीत आहेत. अशा इमारतीच्या गच्चीवर मोबाइलचा टॉवर उभारण्यासाठी कंपन्या भाडे देऊ करतात. त्या भाड्यातून गरीब विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्त्या निघू शकतात. उलटपक्षी शेजारचे रहिवासी आणि खुद्द सभासदही कर्करोगाच्या भीतीने विरोध करतात. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने ग्वाल्हेर येथील एका कर्करोगग्रस्त घरकामगाराच्या अर्जावरून त्याच्या कामाच्या जागेजवळील टॉवर बंद करण्याचा आदेश दिला, तेव्हा ही भीती देशभर चर्चेचा विषय झाली. एका रुग्णाला मिळालेल्या दिलाशाने रोगाचे कारण सिद्ध झाले असे होत नाही, हे खरे. परंतु त्या माणसाची व्यथाही खरीच होती. विश्वस्तांना दोन्हींचे भान ठेवून निर्णय घ्यावा लागतो, आणि तो माहितीवाचून घेता येत नाही.

लहरींची जात

सूर्यप्रकाश, क्ष-किरण आणि रेडिओलहरी ही सर्व एकाच घराण्यातील भावंडे आहेत. त्यांना विद्युतचुंबकीय लहरी म्हणतात. फरक आहे तो कंपनसंख्येचा. भारतात मोबाइलसाठी साधारणतः ७०० ते ३,६०० मेगाहर्ट्झ ह्या दरम्यानचे पट्टे वापरले जातात. पाचव्या पिढीच्या सेवेसाठी २६ गिगाहर्ट्झचा पट्टाही देण्यात आलेला आहे. अशा सूक्ष्म लहरी आपल्या देशाला नव्या नाहीत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आचार्य जगदीशचंद्र बोस ह्यांनी कलकत्त्यात अवघ्या काही मिलिमीटर लांबीच्या लहरींवर प्रयोग केले होते.

प्रारणाची ऊर्जा लहान लहान पुडक्यांनी येते. पुडके जितके मोठे, तितका त्याचा आघात जबर. क्ष-किरणांचे एक पुडके अणूतून इलेक्ट्रॉन उडवून लावू शकते. त्यासाठी सुमारे दहा इलेक्ट्रॉन-व्होल्ट किंवा त्याहून अधिक ऊर्जा लागते. अशा प्रारणाला आयनीकारक म्हणतात. ते पेशीकेंद्रातील डीएनए ह्या आनुवंशिकतेच्या धाग्याचे तुकडे करू शकते, आणि तेथून कर्करोगाची वाट मोकळी होते. १,८०० मेगाहर्ट्झच्या मोबाइल-लहरीचे एक पुडके मात्र एका इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या सुमारे साडेसात दशलक्षांश इतके असते. डीएनएमधील साधा रासायनिक बंध तोडण्यास जेवढी ऊर्जा लागते, तिच्या सुमारे पाच लाखांश ही ऊर्जा झाली. इतकेच काय, आपल्या शरीराच्या नेहमीच्या उष्णतेमुळे पेशीतील रेणू जी धडपड करीत असतात, तिची ऊर्जादेखील ह्या पुडक्याच्या साडेतीन हजार पट भरते.

येथे कोणी म्हणेल की, पुडके लहान असले तरी असंख्य पुडकी एकत्र आली म्हणजे काय होईल? नारळ फोडण्यास एक जोराचा आघात लागतो. त्याच्यावर दिवसभर फुले उधळली तरी तो फुटत नाही. ह्याच न्यायाने मोबाइलच्या लहरींची असंख्य पुडकीही क्ष-किरणांप्रमाणे डीएनए थेट तोडू शकत नाहीत. एवढे पदार्थविज्ञान निःसंशय सांगते. मात्र त्या लहरींचा पेशींवर कोणताच परिणाम होत नाही, असा ह्याचा अर्थ नव्हे.

उष्णता आणि तिचे मोजमाप

पेशीचा मोठा भाग पाण्याचा असतो. पाण्याच्या रेणूची एक बाजू किंचित धन व दुसरी किंचित ऋण भाराची असते. १,८०० मेगाहर्ट्झची लहर जाते, तेव्हा तिचे विद्युतक्षेत्र सेकंदाला ३६० कोटी वेळा दिशा पालटते, आणि हे रेणू त्याच्याबरोबर वळण्याचा प्रयत्न करतात. ह्या ओढाताणीतून उष्णता निर्माण होते. स्वयंपाकघरातील मायक्रोवेव्ह शेगडीचे तत्त्व हेच आहे. परंतु ती शेगडी बंद धातूच्या पेटीत आठशे वॅटच्या आसपास शक्ती ओतते. दुसऱ्या पिढीचे मोबाइल जास्तीत जास्त दोन वॅट शक्तीचे झटके देत, पण त्यांची सरासरी पाव वॅटपर्यंतच राही. चौथ्या पिढीच्या फोनची कमाल शक्ती सुमारे एकपंचमांश वॅट असते. टॉवर जवळ असला की फोन आपण होऊन ही शक्तीदेखील पुष्कळ कमी करतो.

शरीरात किती ऊर्जा मुरते हे सांगण्यासाठी ‘विशिष्ट शोषण-दर’ हे माप ठरविलेले आहे. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला ‘सार’ म्हणतात. एक किलोग्रॅम ऊतींत किती वॅट शोषले जातात, ते त्यावरून कळते. सर्व शरीरात दर किलोला चार वॅट इतके शोषण झाले, तर शरीराचे तापमान सुमारे एक अंश सेल्सिअसने वाढते. आंतरराष्ट्रीय मर्यादा ठरविताना हा आकडा पायाभूत धरून सामान्य नागरिकांसाठी त्याचा पन्नासावा हिस्सा, म्हणजे दर किलोला ०.०८ वॅट, हे प्रमाण निश्चित करण्यात आले. डोक्यासारख्या एकाच भागासाठी ती मर्यादा दहा ग्रॅम ऊतींच्या सरासरीवर दोन वॅट आहे. भारत सरकारने १ सप्टेंबर २०१२ पासून हँडसेटसाठी अधिक कडक नियम स्वीकारला: एक ग्रॅम ऊतींच्या सरासरीवर १.६ वॅट. बहुतेक फोनवर *#०७# ही चिन्हे दाबली असता त्या फोनचा आकडा पडद्यावर दिसतो.

तुलनेसाठी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. स्वस्थ पडून असलेल्या माणसाचे शरीर स्वतःच दर किलोमागे सुमारे एक वॅट उष्णता निर्माण करीत असते आणि रक्ताभिसरण ती वाहून नेते. म्हणूनच फोनमुळे मेंदूच्या तापमानात पडणारा फरक अंशाच्या लहानशा हिश्श्याइतकाच राहतो. पुष्कळ वेळ बोलल्यावर कान गरम लागतो, तो बहुतांशी फोनच्या तापलेल्या बॅटरीमुळे आणि कानाला वारा न लागल्यामुळे. डोळ्याचे भिंग व वृषण ह्या अवयवांना मात्र उष्णता लवकर बाहेर टाकता येत नाही. त्यामुळे त्यांच्याबाबत शास्त्रज्ञ अधिक सावध असतात.

पेशींवरील प्रयोग

उष्णता न वाढताही पेशींत काही बदल घडतात काय, हा खरा वादाचा मुद्दा आहे. १९९५ साली अमेरिकेतील वॉशिंग्टन विद्यापीठातील हेन्री लाई व नरेंद्र सिंग ह्यांनी उंदरांच्या मेंदूतील पेशींत २,४५० मेगाहर्ट्झच्या लहरींमुळे डीएनएचे धागे तुटलेले आढळल्याचे प्रसिद्ध केले, आणि मोठी खळबळ उडाली. पुढे सेंट लुई येथील दुसऱ्या एका प्रयोगशाळेने असेच प्रयोग करून पाहिले. तेथे तसा परिणाम दिसला नाही. विज्ञानात एका प्रयोगशाळेत दिसलेली गोष्ट दुसरीकडेही दिसावी लागते.

ह्या कामात किती दक्षता लागते, हे आणखी एका प्रकरणावरून कळेल. इंग्लंडमधील नॉटिंगहॅम येथील संशोधकांनी २००० साली ‘नेचर’ ह्या नियतकालिकात एक निष्कर्ष मांडला. त्यांच्या मते सूक्ष्म कृमी मंद लहरींत ठेवले असता, तापमान न वाढताही त्यांच्या पेशी उष्णतेने ताण पडल्यावर तयार होणारी प्रथिने बनवू लागल्या. उष्णतेवाचून परिणाम घडतो ह्याचा तो मोठा पुरावा मानला गेला. पुढे त्याच संशोधकांनी अधिक काटेकोर मोजणी केली, तेव्हा नमुन्याचे तापमान सुमारे ०.२ अंशाने वाढत असल्याचे आढळले, आणि परिणामाचा उलगडा तेवढ्यानेच होत होता. त्यांनी २००६ साली आपला निबंध सरळ मागे घेतला. शास्त्रज्ञांच्या ह्या प्रामाणिकपणाचे कौतुक करावे तितके थोडेच.

तथापि सर्वच निष्कर्ष असे विरून गेले नाहीत. फिनलंडमध्ये २००२ साली रक्तवाहिन्यांच्या अस्तरातील मानवी पेशी एक तास ९०० मेगाहर्ट्झच्या लहरींत ठेवल्या असता त्यांतील एका ताण-प्रथिनाच्या स्थितीत बदल झाल्याचे दिसले. २०११ साली अमेरिकेत नोरा व्होल्को व त्यांच्या सहकाऱ्यांनी ४७ निरोगी माणसांच्या कानांशी ५० मिनिटे फोन ठेवून पाहिले. चालू फोनच्या अँटेनाजवळील मेंदूच्या भागात ग्लुकोजचा वापर सुमारे सात टक्क्यांनी वाढला होता. हा परिणाम अपायकारक आहे असे त्यावरून म्हणता येत नाही. विचार करताना वा पाहतानाही मेंदूच्या निरनिराळ्या भागांतील ग्लुकोजचा वापर वाढतोच. पेशींत प्राणवायूच्या उग्र संयुगांमुळे पडणाऱ्या ताणाविषयीही शेकडो निबंध निघाले आहेत. परंतु जागतिक आरोग्य संघटनेसाठी २०२४ साली झालेल्या आढाव्यात त्या पुराव्याची विश्वसनीयता अत्यंत कमी ठरली.

पुरुषांच्या शुक्राणूंविषयी स्वित्झर्लंडमधील २,८८६ तरुणांची पाहणी २०२३ साली प्रसिद्ध झाली. दिवसातून वीसहून अधिक वेळा फोन वापरणाऱ्यांत शुक्राणूंचे प्रमाण कमी आढळले. पण फोन विजारीच्या खिशात ठेवण्याशी त्याचा संबंध दिसला नाही, आणि जुन्या दुसऱ्या पिढीच्या फोनच्या मानाने पुढील काळात हा संबंध क्षीण होत गेला. सतत फोन हाताळणाऱ्या माणसाची झोप, बैठक व दिनक्रमही वेगळा असतो. तेव्हा दोष लहरींचा की राहणीचा, हे अशा पाहणीतून ठरत नाही.

उंदीर आणि माणसे

अमेरिकेच्या राष्ट्रीय विषविज्ञान कार्यक्रमाने २०१८ साली मोठ्या प्रयोगाचा अहवाल दिला. त्यात उंदरांना दररोज सुमारे नऊ तास, दोन वर्षे, सर्वांगावर दर किलोला सहा वॅटपर्यंतच्या मात्रेत ठेवले होते. ही मात्रा नागरिकांसाठीच्या सर्वांगी मर्यादेच्या ७५ पट आहे. नर उंदरांपैकी थोड्यांच्या हृदयात मज्जातंतूंच्या आवरणाच्या गाठी आढळल्या. माद्यांत तसा स्पष्ट पुरावा मिळाला नाही. आणि नवल असे की लहरींतील नर उंदीर लहरींवाचून ठेवलेल्या उंदरांपेक्षा अधिक जगले. इटलीतील बोलोन्या येथील प्रयोगातही नर उंदरांत त्याच जातीच्या गाठी नोंदल्या गेल्या. २०२५ साली जागतिक आरोग्य संघटनेसाठी झालेल्या प्राण्यांवरील आढाव्याने नर उंदरांतील ह्या गाठींचा पुरावा भक्कम मानला आहे. प्रश्न संपला असे म्हणणाऱ्यांनी ही गोष्ट विसरू नये.

माणसांचे काय? डेन्मार्कमध्ये ३,५८,४०३ मोबाइलधारकांच्या नोंदी तपासल्या गेल्या. २०११ च्या अहवालात मेंदूच्या गाठी वाढलेल्या आढळल्या नाहीत. ब्रिटनमधील ७,७६,१५६ स्त्रियांच्या २०२२ सालच्या अहवालातही तेच दिसले. मुलांविषयी काळजी अधिक. म्हणून चौदा देशांत दहा ते चोवीस वर्षे वयाच्या सुमारे ९०० रुग्णांचा स्वतंत्र अभ्यास झाला, त्यातही मोबाइलमुळे धोका वाढल्याचे आढळले नाही. २०१० सालच्या तेरा देशांच्या ‘इंटरफोन’ अभ्यासात मात्र सर्वांत जास्त बोलणाऱ्या दहा टक्क्यांत एका जातीच्या गाठीचे प्रमाण सुमारे ४० टक्के अधिक दिसले. पण त्याच अभ्यासाप्रमाणे माफक वापर करणाऱ्यांना फोन न वापरणाऱ्यांपेक्षा कमी गाठी होत्या. फोन हे काही औषध नव्हे. तेव्हा रुग्णांच्या आठवणीवर आधारलेल्या आकड्यांत दोष असावा, असा तर्क निघाला. २०२४ साली २२ देशांतील ६३ अभ्यासांचा एकत्र आढावा घेण्यात आला. त्यातही मोबाइल आणि मेंदूचा कर्करोग ह्यांचा संबंध आढळला नाही. गेल्या दोन-अडीच दशकांत मोबाइल घरोघर पोहोचला. त्या प्रमाणात असे रुग्ण वाढलेले नाहीत.

आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने मे २०११ मध्ये ह्या लहरींना ‘२-ब’ वर्गात, म्हणजे ‘कदाचित कर्करोगकारक’ ह्या वर्गात, घातले, हे पुष्कळांना ठाऊक असते. कोरफडीच्या संपूर्ण पानाचा अर्कही ह्याच वर्गात आहे. हा वर्ग पुराव्याची बळकटी सांगतो, धोक्याचे माप सांगत नाही. त्याच संस्थेने तंबाखू, मद्य आणि सुपारी ह्यांना पहिल्या, म्हणजे ‘निश्चित कर्करोगकारक’, वर्गात बसविले आहे. तोंडात तंबाखूचा बार धरून टॉवरविरुद्ध अर्जावर सही करणारा गृहस्थ आपल्या आसपास विरळा नाही. त्याने ही यादी एकदा अवश्य वाचावी.

विश्वस्तांनी काय करावे

लहरींची तीव्रता अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. अंतर दुप्पट झाले की ती एक चतुर्थांश होते. त्यामुळे दूरच्या मोठ्या टॉवरपेक्षा कानाला चिकटलेला लहान फोन शरीरात अधिक ऊर्जा सोडतो. आणखी एक गंमत अशी की, वस्तीतील टॉवर काढून टाकला तर सर्वांचे फोन दूरच्या टॉवरला गाठण्यासाठी अधिक जोराने काम करतात. टॉवरचा झोत शोधदिव्याप्रमाणे बहुतांशी आडवा, समोर जातो. खाली त्याच इमारतीत त्याची तीव्रता कमी असते. समोरच्या, तितक्याच उंचीच्या गच्चीचा विचार मात्र करावा लागतो.

भारताने २०१२ साली टॉवरच्या लहरींची मर्यादा आंतरराष्ट्रीय प्रमाणाच्या एक दशांशावर आणली. १,८०० मेगाहर्ट्झला ती चौरस मीटरला ०.९२ वॅट झाली. दुपारचे ऊन चौरस मीटरला हजार वॅटच्या आसपास ऊर्जा टाकते, एवढे तुलनेसाठी पुरे. तेव्हा टॉवरचा प्रस्ताव आल्यास विश्वस्तांनी भीतीपोटी किंवा भाड्याच्या लोभाने तडकाफडकी निर्णय घेऊ नये. लहरींची प्रत्यक्ष मोजणी मागावी आणि तिचे आकडे सभासदांपुढे व शेजाऱ्यांपुढे ठेवावेत. दूरसंचार खात्याने २०१७ साली ‘तरंग संचार’ ही सोय त्यासाठीच सुरू केली. इमारत जुनी असेल तर तिला तो भार पेलेल काय, हे अभियंत्याकडून लेखी घ्यावे. जनित्राचा धूर व आवाज कोणाच्या खिडकीशी येतो तेही पाहावे. ह्या अडचणी लहरींपेक्षा अधिक प्रत्यक्ष आहेत. अँटेनाच्या अगदी पुढ्यातील काही मीटरची जागा खरोखर वर्ज्य असते. बडोद्यासारख्या शहरात उत्तरायणाला सारी गल्ली पतंगासाठी गच्चीवर चढते. अशा गच्चीवर अँटेना उंच खांबावर असावी आणि तिच्यापुढे कुंपण असावे. एवढे करूनही शेजाऱ्यांचे समाधान होत नसेल, तर त्यांच्या मनाची शांती हाही जमाखर्चातील एक आकडा समजावा.

टॉवरमुळे डोके दुखते, झोप येत नाही, अशी तक्रार करणारी माणसे ढोंगी नसतात. त्यांचे दुखणे खरे असते. परंतु अशा ७२५ व्यक्तींवर झालेल्या ३१ प्रयोगांचा आढावा २००५ साली घेतला गेला, तेव्हा लहरी चालू आहेत की बंद, हे त्यांना ओळखता येते असा भरवशाचा पुरावा मिळाला नाही. म्हणून अशा माणसाची चेष्टा न करता त्याला वैद्याकडे न्यावे. रक्तदाब, चष्म्याचा नंबर, रक्तक्षय किंवा मनाचा घोर ह्यांपैकी काहीतरी पुष्कळदा हाती लागते. सगळा दोष टॉवरवर टाकून मोकळे झालो, तर मूळ आजार मागे राहतो, आणि कर्करोगाच्या बाबतीत गेलेले महिने परत मिळत नाहीत.

घरोघरी पाळण्याजोग्या गोष्टी थोड्या व बिनखर्चाच्या आहेत. लांबलचक संभाषण कानाला तार लावून किंवा फोन समोर ठेवून करावे. लिफ्टमध्ये, तळघरात, म्हणजे जेथे फोनला लहरी क्षीण मिळतात तेथे, बोलणे आवरते घ्यावे. हृदयाला पेसमेकर असलेल्यांनी फोन छातीवरील खिशात न ठेवता निदान पंधरा सेंटिमीटर दूर ठेवावा. मुलांच्या हाती फोन कमी द्यावा. त्यांच्या झोपेसाठी आणि खेळण्यासाठीच ते पुरेसे हितकर आहे. वाहन चालविताना फोन मुळीच घेऊ नये; तेथे मृत्यूसाठी कोणत्याही लहरीची गरज लागत नाही. बाजारात मिळणाऱ्या ‘लहरीरोधक’ चिकटपट्ट्यांवर पैसे घालवू नयेत. त्या पट्टीने लहरी खरोखरच अडल्या, तर फोन उलट अधिक जोर लावील.

३१ जुलै १९९५ रोजी कलकत्ता व दिल्ली ह्यांच्या दरम्यान भारतातील पहिले मोबाइल संभाषण झाले. तीन दशके हा माणसाच्या रोगांच्या इतिहासात फार मोठा काळ नव्हे, आणि लहरींच्या नव्या पट्ट्यांवरील संशोधन चालूच राहिले पाहिजे. तोवर हाती असलेल्या पुराव्यावरून इतके म्हणता येते की, ठरलेल्या मर्यादेत ह्या लहरींचा पक्का सिद्ध झालेला परिणाम किंचित उष्णता हाच आहे, आणि त्याहून अधिक काही असल्यास ते आजवरच्या मोठ्या पाहण्यांतही स्पष्ट दिसण्याइतके ठळक नाही. आपल्या संस्थांनी ह्या विषयावर वर्षातून एखादे व्याख्यान ठेवावे, मोजणीचे कागद वाचनालयाच्या फलकावर लावावेत आणि त्याच फलकावर तोंडाच्या कर्करोगाच्या मोफत तपासणीची तारीखही लिहावी. ज्या समाजाला आपल्या माणसांच्या प्रकृतीची चिंता आहे, त्याला ही दोन्ही कामे एकाच बैठकीत ठरविता येतील.